जुलमी, अत्याचारी, हुकूमशहा: अन्यायी राज्यकर्त्यासाठी कोणता शब्द कुठे वापरावा

प्रश्न असा आहे. नाशिकच्या एका शाळेत शहराच्या इतिहासावर माहितीफलक तयार होत आहेत. विषय आहेत पांडवलेणी, मोगल अंमल, १९०९ चं कलेक्टर जॅक्सन प्रकरण आणि १९३० चा काळाराम मंदिर सत्याग्रह. अन्यायानं राज्य करणाऱ्यांसाठी मजकुरात 'जुलमी', 'अत्याचारी', 'हुकूमशहा' आणि 'आततायी' हे शब्द आलटूनपालटून वापरले आहेत, एकच शब्द पुन्हा पुन्हा येऊ नये म्हणून. ते समानार्थी धरले तर चालेल का? आणि इंग्रजीतल्या 'टायरंट'ला यांपैकी नेमका कोणता शब्द?

चालणार नाही. 'जुलमी' हा शब्द राज्यकर्ता रयतेशी कसा वागला ते सांगतो. 'हुकूमशहा' त्याची सत्ता कशी होती ते सांगतो. 'अत्याचारी' कृत्य किती टोकाचं होतं ते सांगतो, आणि 'आततायी' आजच्या मराठीत राज्यकर्त्याबद्दल जवळजवळ काहीच सांगत नाही. पुनरुक्ती टाळायची म्हणून शब्द बदलत राहायचे, ही निबंधाच्या तासाला लागलेली सवय. इतिहासाच्या फलकावर तिच्यामुळे वाक्याचा अर्थच बदलतो. तेच सांगायचं असेल तर 'जुलमी' तीनदा आला तरी बिघडत नाही.

आधी 'जुलूम'. हा मूळचा अरबी शब्द, फारसीतून आपल्याकडे आला. अरबी कोशकार त्याचा अर्थ देतात: एखादी गोष्ट तिच्या हक्काच्या जागी न ठेवणं. म्हणजे मुळात हा क्रौर्याचा नाही, न्यायाच्या उलटचा शब्द आहे. तो मराठीत एकटा आलेला नाही. 'दाद', 'फिर्याद', 'इन्साफ', 'अदालत' हे त्याच्याच बरोबरीनं आले. फारसीत 'दाद' म्हणजे न्याय, म्हणून आपण दाद 'मागतो', आणि कुणी ऐकत नसेल तर 'दाद लागत नाही' म्हणतो. जुलमाचा अर्थ या शब्दाला धरूनच नीट कळतो: ज्याच्याकडे दाद मागायची त्यानंच केलेला अन्याय म्हणजे जुलूम. 'राजानं मारलं आणि पावसानं झोडपलं, तर दाद कुणाकडे मागायची' ही म्हण हेच सांगते.

म्हणून दरोडेखोर क्रूर असतो, निर्दय असतो, पण त्याला कुणी जुलमी राज्यकर्ता म्हणत नाही. त्याच्याविरुद्ध कोतवालाकडे जाता येतं. कोतवालच लुटायला लागला की जुलूम सुरू होतो. पुण्याचा कोतवाल घाशीराम सावळदास याचं नाव लोकांच्या तोंडी शब्दासारखं राहिलं ते यामुळेच. त्यानं कोंडून ठेवलेले लोक कोठडीत गुदमरून मेले, शहर खवळलं आणि १७९१ मध्ये जमावानं त्याला दगडांनी ठेचून मारलं. माणसं मेली हे भयंकर होतंच. पण शहराच्या बंदोबस्तासाठी नेमलेल्या माणसाच्या कोठडीत ती मेली, म्हणून तो जुलूम.

याची दुसरी बाजूही लक्षात ठेवा. स्वभावानं सौम्य, धार्मिक, व्यसनं नसलेला राजाही जुलमी असू शकतो. दुष्काळात सारा माफ केला नाही, गावं ओस पडू दिली, फिर्याद घेऊन आलेल्यांना वेशीवरून परत पाठवलं, की तो जुलमी. त्याच्या हातून एकही माणूस मारला गेलेला नसला तरी. 'क्रूर', 'दुष्ट', 'निर्दय' ही स्वभावाची विशेषणं आहेत. 'जुलमी' हे सत्ता आणि रयत यांच्यातल्या नात्याचं विशेषण आहे. फलकावर 'जुलमी' लिहिलंत की पुढच्या वाक्यात कुणावर आणि कशाचा जुलूम, हे आलंच पाहिजे. तेवढी माहिती हाताशी नसेल तर तो शब्द वापरू नका.

आता शब्दाचं रूप, कारण फलकावरच्या निम्म्या चुका इथे होतात. मूळ शब्द 'जुलूम', लू दीर्घ. 'जुलुम' चूक, आणि 'जुल्म' हे हिंदी-उर्दू वळण. विभक्ती लागली की मधला ऊ जातो: जुलमाने, जुलमाचा, जुलमाविरुद्ध. कापूस-कापसाचा, माणूस-माणसाचा, तसंच हे. 'जुलूमाविरुद्ध लढा' असं छापलेलं जागोजागी दिसतं, ते चुकीचं आहे. विशेषण 'जुलमी'. ते लिंग-वचनानं बदलत नाही: जुलमी राजा, जुलमी राणी, जुलमी राजवट, जुलमी राज्यकर्त्यांनी. शब्दयोगी अव्यय 'वर': रयतेवर जुलूम केला. 'रयतेला जुलूम केला' किंवा 'रयतेचा जुलूम केला' ही मराठीची रचना नाही. छळाचं उलट आहे: रयतेचा छळ केला, पण रयतेवर जुलूम केला. एका वाक्यात दोन्ही जोडताना गोंधळ होतो. 'रयतेवर छळ आणि जुलूम केला' असं न लिहिता 'रयतेचा छळ केला, तिच्यावर जुलूम केले' असं सुटं लिहा.

'राज्यकर्ता' या शब्दाचीही हीच कथा. एकवचनात राज्यकर्त्याने, अनेकवचनात राज्यकर्ते, राज्यकर्त्यांनी. एका राजाबद्दलच्या मजकुरात अनुस्वार चुकून पडला की सगळ्या घराण्यावर आरोप होतो. मुद्रितशोधन करताना हे एक अक्षर बोट ठेवून तपासा.

याच मुळातून आलेला 'जालीम' मात्र मराठीत वेगळ्या वाटेनं गेला. अरबीत जालीम म्हणजे जुलूम करणारा. मराठीत जालीम औषध, जालीम उपाय, जालीम विष, म्हणजे तीव्र, हमखास लागू पडणारं. 'जालीम राजा' लिहिलंत तर वाचकाला ते हिंदी वाटेल. 'जुलमी' स्वतःही लावणीत शिरला आणि तिथे डोळे, नजर, ज्वानी जुलमी झाली. ते रूप प्रेमाचं, तक्रार लटकी. 'जुलमाचा रामराम' हा तिसराच प्रकार: मनात नसताना, समोरच्याच्या ताकदीपुढे करावा लागलेला नमस्कार. जुलमाखाली माणूस कसा वागतो ते हा वाक्प्रचार अचूक सांगतो, आणि फलकावर एखाद्या उपशीर्षकाला तो शोभेल.

राज्यकर्त्यांच्या अन्यायासाठी मराठीत सगळ्यात मुरलेला शब्द मात्र 'जुलमी राजा' नसून 'सुलतानी' आहे, 'अस्मानी-सुलतानी' या जोडीतला. अस्मानी म्हणजे आभाळातून आलेलं संकट: दुष्काळ, गारपीट, अतिवृष्टी. सुलतानी म्हणजे सत्तेकडून आलेलं: लूट, सक्तीची वसुली, लष्कराची धाड. शेतकऱ्याच्या लेखी दोन्हींचा परिणाम एकच, पीक घरात येत नाही. नाशिक जिल्ह्यात ही जोडी आजही जिवंत आहे. गारपिटीनं द्राक्षबाग झोपली की अस्मानी, निर्यातबंदीनं कांद्याचा भाव पडला की सुलतानी, असं निफाड-लासलगावकडचा शेतकरी सहज बोलून जातो. इथे 'सुलतानी'चा कुठल्याही धर्माशी किंवा घराण्याशी संबंध उरलेला नाही. तो सरकारी निर्णयाचा फटका आहे. फलकावर दुष्काळ आणि सारावसुली एकत्र सांगायची असेल तर हाच शब्द वापरा. 'नैसर्गिक व प्रशासकीय आपत्ती' लिहून तो घालवू नका.

त्याच्याभोवतीचे बारीक शब्दही ओळखून ठेवा, कारण बऱ्याचदा 'जुलमी'पेक्षा तेच नेमके बसतात. 'जाचक' हा माणसाचा नव्हे, नियमाचा शब्द: जाचक कर, जाचक अटी. १८७८ च्या जंगल कायद्यानं रानातली चराई, लाकूडफाटा यांच्यावर बंधनं आली, तो कायदा 'जाचक' म्हणावा. 'जुलमी कायदा' चालतो, पण 'जाचक' अधिक नेमका, कारण तो रोजच्या रोज खुपत राहणारा त्रास दाखवतो. 'पिळवणूक' ही पैशाची आणि श्रमाची. 'दडपशाही' ही आवाजाची: सभा, वर्तमानपत्रं, मोर्चे बंद करणं. 'मुजोरी' आणि 'अरेरावी' हे खालच्या पायरीचे शब्द, शिपाई-कारकुनांचे. राजाला ते लावले की राजा लहान होतो आणि आरोपही. शिवकालीन पत्रांत रयतेला 'तोशीस' किंवा 'आजार' देऊ नका अशी भाषा येते. तिथे 'आजार' म्हणजे रोग नव्हे, त्रास. मूळ पत्राचा उतारा फलकावर घेणार असाल तर या शब्दाखाली अर्थ द्या, नाहीतर मुलं दवाखाना समजतील.

आणि 'वेठ'. संस्कृत 'विष्टि' म्हणजे मोबदला न देता करून घेतलेलं सक्तीचं काम. त्याचीच मराठी 'वेठ', 'वेठबिगार', आणि आजचं 'वेठीस धरणं'. हा शब्द तुमच्या विषयाला थेट लागू आहे. जुन्या काळी राजा न्यायी की जुलमी हे ठरवण्याची ती एक कसोटीच होती. जुनागढच्या शिलालेखात शक राजा (क्षत्रप) रुद्रदामन सांगतो की सुदर्शन तलावाचा बांध दुरुस्त करताना त्यानं प्रजेला कर, विष्टि किंवा 'प्रणय' यांनी पीडा दिली नाही. इथला प्रणय प्रेमाचा नव्हे. 'प्रेमानं द्या' म्हणून उकळलेली वर्गणी, असा तो राजकोषाचा पारिभाषिक शब्द आहे. राजा हे दगडावर कोरून सांगतो त्याअर्थी एरवी काय चालत असेल ते उघड आहे.

नाशिकपाशी तर याहून मोठा पुरावा आहे. पांडवलेण्यांतल्या ३ क्रमांकाच्या लेण्यात गौतमी बलश्रीचा लेख आहे, तिचा नातू वासिष्ठीपुत्र पुळुमावी याच्या राज्याच्या १९ व्या वर्षातला. भाषा प्राकृत, लिपी ब्राह्मी. त्यात ती आपला मुलगा, सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी, याचं वर्णन करते. 'पोरजननिविसेससमसुखदुखस' हे एक विशेषण सोडवून पाहा. पोरजन म्हणजे पौरजन, नागरिक. निविसेस म्हणजे निर्विशेष, भेद न ठेवता. सम सुखदुख. नागरिकांची सुखदुःखं जराही वेगळी न मानणारा. दुसरं विशेषण 'धमोपजितकरविनियोगकरस': धर्मानं, म्हणजे न्याय्य मार्गानं मिळवलेल्या करांचाच विनियोग करणारा. तिसऱ्यात म्हटलं आहे की अपराध केलेल्या शत्रूचेही प्राण घेण्याची त्याला आवड नव्हती. ही तिन्ही विशेषणं उलटी केली की जुलमी राजा तयार होतो: रयतेच्या दुःखाशी देणंघेणं नसलेला, अन्यायानं कर उकळणारा, जीव घेण्याची हौस असलेला. तुमच्या फलकाला जुलमी राजाची व्याख्या बाहेरून आणायची गरज नाही, ती त्रिरश्मी डोंगरावर आहे.

मात्र तोच लेख या राजाला 'खखरातवसनिरवसेसकरस' असंही म्हणतो: क्षहरात हा शक क्षत्रपांचा वंश निःशेष करणारा. त्या वंशाच्या नहपानाचा जावई उषवदात याचे दानलेख याच डोंगरात, १० क्रमांकाच्या लेण्यात आहेत. त्यांत गायींची दानं, घाट, धर्मशाळा, नद्यांवर फुकट नावा, असं सगळं आहे. म्हणजे एका लेण्यात ज्या घराण्याचा उच्छेद अभिमानानं सांगितला आहे, त्याच घराण्याच्या पुण्यकर्मांची यादी थोड्या अंतरावरच्या दुसऱ्या लेण्यात आहे. दोन्ही लेख राजघराण्यानंच कोरवलेले. अशा ठिकाणी कुठल्याही बाजूला 'जुलमी' लिहिणं योग्य नाही. 'सातवाहनांनी क्षहरातांचा पराभव केला' एवढंच लिहा, आणि दोन्ही लेखांतली वाक्यं शेजारी शेजारी द्या.

आता 'हुकूमशहा' आणि 'टायरंट'. 'हुकूम' अरबी, 'शहा' फारसी, पण जोडशब्द आधुनिक राजकारणाचा, इंग्रजी 'डिक्टेटर'ला प्रतिशब्द म्हणून रुळलेला. ज्याच्या सत्तेला कायदा, संसद, न्यायालय यांची मर्यादा उरलेली नाही तो हुकूमशहा. तो जुलमी असेलच असं व्याकरण सांगत नाही. बहुतेक वेळा असतो, ते इतिहास सांगतो. त्यामुळे औरंगजेब हुकूमशहा, अमुक पेशवा हुकूमशहा, हे शब्दप्रयोग चूक आहेत. वारसाहक्कानं किंवा तलवारीनं गादीवर आलेल्या राजाच्या काळात मोडायला संसदच नव्हती. त्याच्यासाठी पाठ्यपुस्तकातला 'अनियंत्रित राजसत्ता' हा शब्द आहे, किंवा सोपं 'एकतंत्री कारभार'. 'निरंकुश' हाही चांगला शब्द आहे. अंकुश सुटलेला हत्ती कुठे जाईल ते माहुतालाही सांगता येत नाही, ते चित्र त्यात आहे.

मूळ रोमन 'डिक्टेटर' तर कायदेशीर पद होतं, संकटकाळी दिलं जाणारं, सहा महिन्यांच्या मुदतीचं. सुल्ला आणि नंतर ज्युलियस सीझर यांनी मुदत मोडली. सीझर इ.स.पू. ४४ मध्ये आजीव डिक्टेटर झाला आणि त्याच वर्षी मारला गेला. ग्रीक 'तिरान्नोस', ज्यावरून 'टायरंट' आला, तोही सुरुवातीला शिवी नव्हता. वारसा नसताना सत्ता बळकावून राजा झालेला, एवढाच त्याचा अर्थ. अथेन्सचा पेइसिस्त्रातोस असाच सत्तेवर आला आणि इ.स.पू. ५२७ मध्ये मरेपर्यंत त्यानं कारभार बराच समंजसपणे केला, असं ग्रीक लेखकच नोंदवतात. पुढे ॲरिस्टॉटलनं सीमारेषा आखली: जो एकटा राज्य करतो आणि सर्वांचं हित पाहतो तो राजा, जो फक्त स्वतःचं हित पाहतो तो टायरंट. आज इंग्रजीत हाच दुसरा अर्थ चालतो.

म्हणून भाषांतर करताना काळ बघा. प्राचीन ग्रीसबद्दलचा मजकूर असेल तर 'सत्ता बळकावलेला शासक' लिहा. 'जुलमी' लिहिलंत तर पेइसिस्त्रातोसवर अन्याय होईल. त्यानंतरच्या काळातल्या मजकुरात 'जुलमी राजा', 'जुलमी शासक'. विसाव्या शतकातला, वर्तमानपत्रं बंद पाडणारा, विरोधकांना तुरुंगात घालणारा सत्ताधीश असेल आणि मूळ लेखकाला सत्तेचा प्रकार सांगायचा असेल तर 'हुकूमशहा', त्याची कृत्यं सांगायची असतील तर 'जुलमी'. दोन्ही सांगायचं असेल तर 'जुलमी हुकूमशहा' म्हणायला हरकत नाही, त्यात द्विरुक्ती होत नाही. लेखन: 'हुकूमशहा', 'हुकूमशाही', दोन्हींत कू दीर्घ. सुटा शब्द असेल तर 'हुकमाने', 'हुकमावरून', पण समासात पहिला शब्द जसाच्या तसा राहतो. 'हुकुमशहा' आणि 'हुकूमशाह' टाळा.

'अत्याचारी' हा शब्द अर्थानं बरोबर आहे, तरी मी तो फलकावर कमीत कमी वापरायला सांगेन. 'अति' अधिक 'आचार', मर्यादा सोडून वागणं, हा मूळ अर्थ व्यापक होता. आजच्या बातम्यांच्या मराठीत मात्र 'अत्याचार' म्हटलं की वाचक लैंगिक अत्याचार समजतो. दुसरा ठळक अर्थ कायद्यातला: अनुसूचित जाती व अनुसूचित जमाती (अत्याचार प्रतिबंध) अधिनियम, १९८९. या दोन अर्थांनी शब्द भरून गेला आहे. 'मोगल सरदारांनी गावावर अत्याचार केले' या वाक्यातून आठवीतली मुलगी काय समजेल, याचा विचार करा. घरं जाळली असतील तर 'घरं जाळली' लिहा, धान्य नेलं असेल तर 'धान्य लुटून नेलं'.

'आततायी' काढूनच टाका. धनुष्याची दोरी ताणून अंगावर येणारा, असा त्याचा मूळ अर्थ. स्मृतिग्रंथांत आग लावणारा, विष देणारा, शस्त्र उगारणारा, धन, शेत किंवा बायको पळवणारा असे सहा आततायी मोजले आहेत. गीतेच्या पहिल्या अध्यायात अर्जुन कौरवांना हाच शब्द लावतो. पण आज 'आततायीपणा करू नकोस' म्हणजे उतावळेपणा, अविचार करू नकोस. 'आततायी राजा' वाचून लोक भडक डोक्याचा राजा समजतील.

'शाही' लागून होणारे शब्द सांभाळून वापरा. निजामशाही, आदिलशाही, शिवशाही ही राज्यांची नावं. दडपशाही, झुंडशाही, ठोकशाही, घराणेशाही या वृत्ती. नादिरशाही हे नाव १७३९ मध्ये दिल्लीची कत्तल करवणाऱ्या नादिरशहावरून. दोन्ही प्रकार एकाच वाक्यात आले की ऐतिहासिक राज्याचं नाव आपोआप शिवी होतं. 'मोगलाई' हे त्याचं ठळक उदाहरण. बोलण्यात 'ही काय मोगलाई लागून गेली?' म्हणजे अंदाधुंदी. पण मराठ्यांच्या जुन्या कागदांत मोगलाई म्हणजे निजामाचा मुलूख, निव्वळ भौगोलिक अर्थानं. तुमच्या फलकावर नाशिकचं मोगलकालीन नाव 'गुलशनाबाद' येणार, ते तसंच द्या. त्या काळाला 'मोगल अंमल' म्हणा, 'मोगलाई' नको. त्या अंमलात विशिष्ट जुलूम झाल्याची नोंद असेल तर ती घटना स्वतंत्र वाक्यात, सालासह.

सगळ्यात नाजूक जागा १९०९ ची. २१ डिसेंबर १९०९ ला विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी जिल्ह्याचा कलेक्टर जॅक्सन याला गोळ्या घालून ठार केलं. कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० ला ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली. तुमच्या मसुद्यात 'जुलमी जॅक्सनचा वध' असं आहे. या तीन शब्दांत दोन निकाल आहेत. 'वध' हा कंसाचा, रावणाचा, अफझलखानाचा. ज्याला मारणं धर्म्य मानलं त्याच्यासाठीच मराठी तो शब्द राखून ठेवते. 'खून' हा कायद्याचा शब्द, तो कान्हेऱ्यांना गुन्हेगार ठरवतो. दोन्ही शब्द निकालासकट येतात, म्हणून फलकावर 'गोळ्या घालून ठार केलं' असं क्रियापद वापरा. वध म्हणायचंच असेल तर 'क्रांतिकारकांच्या दृष्टीनं हा वध होता' असं कर्त्यासकट म्हणा.

आणि 'जुलमी' जॅक्सनला लावण्याऐवजी राजवटीला लावा. जॅक्सन संस्कृत आणि भारतविद्येचा अभ्यासक होता, हे नोंदलेलं आहे. त्याच्याच कारकिर्दीत बाबाराव सावरकरांवर देशभक्तिपर कविता प्रसिद्ध केल्याबद्दल खटला होऊन १९०९ मध्ये जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली, हेही नोंदलेलं आहे. अभ्यासू, सभ्य वागणारा अधिकारी आणि कवितांसाठी जन्मठेप देणारी व्यवस्था हे एकाच वेळी असू शकतं. 'जुलमी राजवट' म्हटलं की ही दोन्ही वाक्यं खरी राहतात. 'जुलमी जॅक्सन' म्हटलं की वाद त्या माणसाच्या स्वभावावर जातो आणि कवितांची शिक्षा बाजूला पडते. 'परकी' आणि 'जुलमी' हेही एक धरू नका. परकी राजवटीला विरोध करायला ती परकी असणं पुरेसं होतं. तिचा जुलूम दाखवायला कायदा, कलम, शिक्षा दाखवावी लागते, आणि इथे ती दाखवता येते.

काळाराम मंदिराच्या फलकावर 'जुलमी राज्यकर्ते' हा शब्द नको. २ मार्च १९३० ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेला सत्याग्रह मंदिरप्रवेशासाठी होता. दार अडवणारे राज्यकर्ते नव्हते, गावातलेच लोक होते. तिथे 'अस्पृश्यांवर होणारा अन्याय', 'प्रवेशबंदी', 'सामाजिक गुलामगिरी' हे शब्द बरोबर. सरकारला जुलमी म्हणून टाकलं की ज्यांनी दार अडवलं ते वाक्यातून निसटतात.

पुराणातलं एखादं उदाहरण हवं असेल तर रावणाऐवजी वेन राजा घ्या. पंचवटीमुळे रावण सुचणं साहजिक आहे, पण रामकथेत त्याचा अपराध सीतेचं हरण हा आहे, लंकेच्या प्रजेवरचा जुलूम नव्हे. वेनानं मात्र आपल्याच प्रजेचा धर्म बंद पाडला, ऋषींनी समजावलं ते ऐकलं नाही, तेव्हा त्यांनीच त्याला मारलं आणि त्याच्या देहातून पृथू राजा निर्माण केला, अशी कथा आहे. जुलमी राजा हटवण्याचा अधिकार कुणाला, हा प्रश्न तिथे सरळ येतो. उलट टोकाला बळीराजा: पुराणात दैत्य, पण शेतकऱ्याच्या घरात दिवाळीला 'इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो'. राजा न्यायी की जुलमी हे रयत स्वतः ठरवते, याचं इतकं स्वच्छ उदाहरण दुसरं नाही.

मसुद्यातली वाक्यं अशी बदलता येतील.

'सातवाहन राजाने जुलमी शकांचा नाश केला' याऐवजी: 'गौतमीपुत्र सातकर्णीने क्षहरात वंशाची सत्ता संपवली. तो न्यायाने मिळवलेले करच वापरत असे, असे त्याच्या आईचा लेख सांगतो.'

'हुकूमशहा औरंगजेबाच्या काळात नाशिकवर अत्याचार झाले' याऐवजी: 'मोगल अंमलात नाशिकचे नाव गुलशनाबाद होते', आणि त्याखाली ज्या घटनेचा पुरावा तुमच्याकडे आहे ती.

'जुलमी जॅक्सनचा वध' याऐवजी: 'कविता प्रसिद्ध केल्याबद्दल बाबाराव सावरकरांना जन्मठेप देणाऱ्या जुलमी राजवटीविरुद्ध तरुणांनी शस्त्र उचलले. २१ डिसेंबर १९०९ रोजी अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सन याला गोळ्या घालून ठार केले.'

'जुलूमाविरुद्ध काळाराम सत्याग्रह' याऐवजी: 'मंदिर प्रवेशबंदीविरुद्ध सत्याग्रह, २ मार्च १९३०'.

फलकाचा मजकूर छपाईला देताना युनिकोडमध्येच द्या. जुन्या फॉन्टमधून बदलून घेताना 'र्त्यां' आणि 'ब्राह्मी'तला 'ह्म' हमखास तुटतो. अंतिम प्रूफ कागदावर मागवा आणि 'जुलूम', 'जुलमा', 'हुकूम', 'राज्यकर्त्या' एवढे शब्द शोधून एकेक तपासा.